आजीचे गोंदण, उजवा हात आणि आईचा प्रश्न

वाचकाचे पत्र: मी बावीस वर्षांची आहे. आमचे गाव सिन्नर तालुक्यात आहे. सध्या नाशिकला खोली घेऊन मी कर्मचारी निवड आयोगाच्या जनरल ड्यूटी कॉन्स्टेबल भरतीची तयारी करते आहे. काही महिन्यांपूर्वी माझी आजी वारली. तिच्या उजव्या हातावर, कोपराखाली आतल्या बाजूला, तुळशीवृंदावन गोंदलेले होते. त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या रांगा होत्या आणि खाली कोणाचे तरी पुसट झालेले नाव होते. तेच गोंदण त्याच जागी, तशाच हिरव्या रंगात मला करून घ्यायचे आहे. चुलतभावाने ऑनलाइन मशीन मागवले आहे आणि तो घरीच करून देतो म्हणतो. मैत्रिणी म्हणतात की भरतीत अडचण आलीच तर लेझरने काढता येते. आई मात्र ऐकायला तयार नाही. मी विषय काढला की ती एकच प्रश्न विचारते, "तुझ्या आजीला विचारून कोणी गोंदले होते का?" त्याच आईने आजीच्या बुगड्या मला दिल्या आहेत आणि कान टोचून घे म्हणून ती मागे लागली आहे. मी काय करावे?

सप्रेम नमस्कार,

आजीच्या जाण्याचे दुःख अजून ताजे असताना तुम्ही हे पत्र लिहिले आहे, हे त्यातल्या प्रत्येक ओळीत जाणवते. तुमची इच्छा मला मनापासून पटते. पण ती पुरी करण्याची वेळ, जागा आणि माणूस या तिन्ही गोष्टी आज तुम्ही ठरवल्या आहेत तशा ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातली भरतीची बाब सर्वांत निकडीची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

तुमची भरती ज्यांच्यासाठी होते त्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीत गोंदणाचा आशय, जागा आणि आकार पाहिला जातो. आशयाची तुम्हाला अडचण नाही, कारण नाव, धार्मिक चिन्ह किंवा आकृती यांना परवानगी आहे आणि तुळशीवृंदावन त्यात सहज बसते. जागेचा नियम मात्र कडक आहे. हाताच्या आतल्या बाजूवर गोंदण चालते, पण ते फक्त डाव्या हातावर, कारण सलाम उजव्या हाताने केला जातो; त्याखेरीज पंजाच्या मागच्या बाजूवर ते चालते. आकार त्या अवयवाच्या त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी असावा लागतो. म्हणजे आजीच्या ज्या हातावर गोंदण होते, नेमका तोच हात तुमच्यासाठी अडचणीचा आहे. शिवाय वृंदावन आणि दोन्ही बाजूंच्या रांगा आजीच्या हातावर होत्या तेवढ्याच ठेवल्या तर आकाराची मर्यादा ओलांडली जाण्याचीही शक्यता आहे. तुमच्या ओळखीतले कोणी सैन्यात असेल आणि "आमच्याकडे दोन्ही हातांवर चालते" असे सांगत असेल, तर तेही खोटे नाही. भूदलात दोन्ही हातांच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूवर आणि पंजाच्या मागच्या बाजूवर गोंदण चालते, आणि आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे आणखी सवलत आहे. पण तो नियम भूदलाचा आहे. तुम्ही ज्या परीक्षेला बसणार आहात तिच्या चालू वर्षाच्या जाहिरातीतले वैद्यकीय निकष स्वतः वाचावेत. ओळखीच्यांच्या सांगण्यावर किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींवर अवलंबून राहू नये.

उजव्या हातावरच्या गोंदणामुळे नाकारल्या गेलेल्या उमेदवारांची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली आहेत. याच दलांपैकी एक असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीतील एका उमेदवाराला, हातावरचे गोंदण धार्मिक चिन्हाचे असल्याच्या मुद्द्यावर, मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली दिलासाही दिला. परंतु तो दिलासा मिळवायला वकील, पैसे आणि वेळ लागतो. ज्या मुलीने अजून लेखी परीक्षाही दिलेली नाही तिने स्वतःहून त्या वाटेला का जावे, हा प्रश्न मला तुम्हाला विचारावासा वाटतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की अंतिम वैद्यकीय तपासणी होऊन निकाल लागेपर्यंत थांबा. नोकरीत रुजू झाल्यानंतरही आपल्या दलाचा नियम विचारून घ्या आणि मगच सुई लावून घ्या.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. तुम्हाला तो अडवणुकीचा वाटला आहे, पण पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला वाटते की तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. आजीच्या पिढीत खेड्यापाड्यांतल्या मुलींना बहुधा लग्नाआधी, कित्येकदा अगदी लहान वयात, गोंदले जाई. गोंदणारीण दारावर येई किंवा जत्रेत बसे. दिव्याची काजळी एखाद्या पाल्याच्या रसात कालवून, एकत्र बांधलेल्या सुयांनी ती ठिपक्याला ठिपका जोडत जाई. मुलगी रडू लागली की बायका तिला धरून ठेवत, गाणी म्हणत, आणि शेवटी त्या जागेवर हळद-तेल लावत. गोंदून न घेतलेल्या सुनेच्या हातचे पाणी सासरी चालत नाही, अशी समजूत कित्येक समाजांत होती. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असेही म्हणत. पुष्कळ बायकांना आपल्या गोंदणाचे कौतुक होते, त्या हौसेने दंड आणि मनगट पुढे करून नक्षी दाखवत, हेही तितकेच खरे आहे. तुमच्या आजीला काय वाटत होते, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. ते तुमच्या आईला बहुधा ठाऊक आहे.

ज्या लेकीने आपल्या आईला तालुक्याच्या गावी, बँकेत किंवा एखाद्या शिकलेल्या नातेवाइकाच्या घरी पदराने हात झाकून घेताना पाहिले असेल, तिला आपल्या मुलीने तीच खूण पैसे मोजून अंगावर घ्यावी हे पचायला जड जाणारच. काही काळ गोंदणाकडे अडाणीपणाची निशाणी म्हणून पाहिले गेले आणि त्या नजरेचा चटका तुमच्या आईच्या पिढीला सर्वांत जास्त बसला. तुमच्या घरी नेमके असेच घडले, असा माझा दावा नाही. मात्र आईचा प्रश्न "नोकरीचे काय" किंवा "लग्नाचे काय" असा नाही, तो आजीच्या संमतीविषयी आहे, आणि ज्या बाईला असा प्रश्न पडतो तिच्या मनात त्यामागे काही प्रसंग नक्की असतो. तो ऐकून घ्या. परवानगी मागायला म्हणून जाऊ नका. तुम्ही सज्ञान आहात आणि कातडी तुमची आहे, हे आईलाही कळते. आजीला कोणी गोंदले, कोणत्या वयात, कोणत्या गावी, तिला ते आवडत होते का, एवढे विचारा आणि आई बोलेल तितके बोलू द्या. त्या बोलण्यातून आजीला ते मनापासून प्रिय होते असे कळले, तर तुमचा बेत अधिक पक्का होईल. ती आयुष्यभर ते लपवत राहिली असे कळले, तर तुम्हाला पुन्हा विचार करावासा वाटेल. आणि त्यानंतरही करावेसे वाटले तर ते आजीला मिळाले नव्हते ते स्वातंत्र्य वापरून केलेले असेल. दोन्ही निर्णय मला आदराचे वाटतील. आजीची हकिकत ठाऊक नसताना केवळ फोटो पाहून तिची खूण उचलणे मात्र मला बरोबर वाटत नाही.

त्या पुसट नावाचीही चौकशी आईकडेच करा. बायका नवऱ्याचे, भावाचे, देवाचे किंवा स्वतःचे नाव गोंदून घेत. ते कोणाचे आहे हे घरात कोणालाच सांगता आले नाही, तर ते तुमच्या हातावर घेऊ नका. अक्षरे ओळखू येत नसताना केलेली नक्कल चुकण्याची शक्यता मोठी असते आणि तुमच्या हातावर भलतेच नाव कायमचे उमटून बसेल. फोटोवरून नक्षी उतरवताना तो फोटो उलटा तर नाही ना, हेही पाहा. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत डावे-उजवे पुष्कळदा बदलते.

हिरव्या रंगाविषयी तुमचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो तसाच राहिला तर तुम्ही चुकीची शाई निवडाल. आजीच्या हातावर हिरवी शाई नव्हती. तिथे काजळीच होती, म्हणजे काळा कार्बन. काळे कण त्वचेच्या मधल्या थरात, पृष्ठभागाखाली एखाद-दोन मिलिमीटरवर बसतात. वरच्या कातडीतून त्यांच्याकडे पाहताना प्रकाश असा विखुरतो की काळा रंग निळसर-हिरवट दिसू लागतो, आणि वर्षे जातील तसा तो अधिकच तसा दिसतो. आजीचे गोंदण जसे दिसत होते तसेच कालांतराने हवे असेल तर काळीच शाई घ्या. पहिल्या वर्षी ते आजीच्या गोंदणापेक्षा फार गडद आणि रेखीव दिसेल, त्याला इलाज नाही; पन्नास-साठ वर्षांनी आलेला फिकेपणा पहिल्या दिवशी आणता येत नाही. काळ्या शाईचा दुसरा फायदा असा की कधी काढण्याची वेळ आलीच तर लेझरला काळा रंग सर्वांत सहज दाद देतो. हिरवा आणि निळा हे हट्टी रंग आहेत, आणि त्यांच्यासाठी वापरली जाणारी दोन प्रचलित रंगद्रव्ये युरोपीय संघाने २०२३ पासून गोंदणाच्या शाईत निषिद्ध ठरवली आहेत. ठिपक्यांबद्दलही एक सूचना करते. शाईचे कण गिळून धरून ठेवणाऱ्या भक्षक पेशी मरतात, कण सुटतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते पुन्हा गिळतात; मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ही साखळी दाखवून दिली. गोंदण टिकते ते त्यामुळेच. तरीही वर्षांगणिक कडा थोड्या पसरतातच, म्हणून ठिपके अगदी चिकटून काढले तर काही वर्षांनी ठिपक्यांची रांग उरणार नाही, सलग रेघ दिसेल. ठिपक्यांमध्ये मोकळी जागा ठेवायला कलाकाराला आवर्जून सांगा.

चुलतभावाच्या मशीनला माझा ठाम विरोध आहे. त्याचे प्रेम खरे असेल आणि हातही चांगला चालत असेल, पण गोंदण ही हजारो सूक्ष्म छिद्रे असलेली जखम असते आणि ती करणाऱ्याला निर्जंतुकीकरण यावे लागते. घरच्या पलंगावर, घरच्या टॉवेलवर, स्वस्तात मिळालेल्या शाईत नळाचे पाणी घालून केलेल्या कामातून हट्टी संसर्ग होऊ शकतात. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथे पातळ करून बाटलीबंद केलेल्या राखाडी शाईतून क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातल्या एका जंतूचा संसर्ग पसरला होता, आणि तो घरगुती प्रयोगातून नव्हे, व्यावसायिक स्टुडिओत वापरलेल्या शाईतून पसरला होता. तेव्हा जाणकाराच्या हातीही धोका शून्य नसतो. नवख्याच्या हाती तो कितीतरी पटींनी वाढतो. एकच सुई दोघांना लागली तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा धोका असतो. म्हणून जत्रेतल्या गोंदणाऱ्याकडेही, आजीच्या काळची आठवण म्हणून का होईना, बसू नका. स्टुडिओत गेल्यावर सुईचे पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडले जाते का, शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात ओतून घेतात का आणि उरलेली टाकून देतात का, मध्येच फोन उचलल्यावर हातमोजे बदलतात का, एवढे पाहा. प्रश्न विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडून गोंदून घेऊ नका. दुखू नये म्हणून बधिर करणारे जाड थराचे मलम लावून, प्लॅस्टिकने गुंडाळून तासभर बसवणारेही असतात. तीव्र प्रमाणातल्या अशा मलमांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ साली इशारा दिलेला आहे, कारण औषध रक्तात भिनून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो.

थांबण्याचा जो काळ मी सुचवला आहे त्याचा एक चांगला उपयोग करता येईल. हिपॅटायटिस बी ची लस घ्या. तुमचा जन्म झाला त्या सुमारास ही लस सरकारी लसीकरणात सर्वत्र दिली जात नव्हती. देशभर ती २०११ च्या सुमारास पोहोचली. त्यामुळे तुम्हाला ती मिळाली नसण्याचीच शक्यता अधिक आहे. पहिला डोस, एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा, असा तिचा क्रम असतो, आणि भरतीची प्रक्रिया त्याहून लवकर संपत नाही. हिपॅटायटिस सी ला लस नाही, म्हणून सुईबद्दलची काळजी लसीनंतरही तेवढीच घ्यायची आहे.

आरशासमोर उभे राहून डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण पाहा. तो सपाट किंवा किंचित खोलगट असेल तर चिंता नाही. तो फुगलेला, चकचकीत, मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढलेला असेल, किंवा कान टोचलेल्या जागी पूर्वी गाठ आली असेल, तर तुमच्या त्वचेची ठेवण केलॉइडची, म्हणजे जखमेवर वण अवाजवी वाढण्याची, आहे असे समजून आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. घरात कोड किंवा सोरायसिस असल्यास तेही त्यांना सांगा, कारण ज्यांना हे विकार आहेत त्यांच्या त्वचेवर सुईच्या जखमेच्या रेषेवरच नवे डाग उमटू शकतात. तुम्ही रक्तदान करत असाल तर गोंदून घेतल्यावर वर्षभर ते करता येणार नाही.

मैत्रिणींचा लेझरचा सल्ला अर्धाच खरा आहे. लेझरने शाईचे कण फोडले जातात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. त्यामुळे एका बैठकीत काही पुसले जात नाही. सहा ते दहा किंवा त्याहूनही जास्त बैठका, दोन बैठकांमध्ये दीड-दोन महिन्यांचे अंतर आणि प्रत्येक बैठकीचा वेगळा खर्च, असा हिशेब असतो. वैद्यकीय तपासणीचे पत्र आल्यावर धावपळ करून हे होण्यासारखे नाही. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर पांढुरके किंवा काळसर डाग राहण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असतो. काढता येईल या भरवशावर कोणीही गोंदून घेऊ नये, असे मी प्रत्येकाला सांगते.

राहिला प्रश्न बुगडीचा. आईला बुगडी निर्धोक वाटते, कारण ती दागिना आहे. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर कानाच्या वरच्या कडेचे छिद्र गोंदणाहून कमी जोखमीचे नाही. पाळीला मांस असते, रक्तपुरवठा भरपूर असतो, ती लवकर भरते. वरच्या भागात कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, असते, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, आणि तिथे पू झाला तर कूर्चा विरघळून कानाचा आकारच बिघडू शकतो. म्हणून सराफाच्या दुकानातल्या पिस्तुलासारख्या यंत्राने तिथे टोचून घेऊ नका; ते यंत्र बोथट खडा जोराने आत घुसवते आणि कूर्चेला तडा जाऊ शकतो. पोकळ निर्जंतुक सुईने, शक्यतो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून किंवा अनुभवी व्यावसायिकाकडून टोचून घ्या. सुरुवातीला टायटेनियमची साधी बाळी ठेवा, आणि छिद्र पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे सहा महिने ते वर्षभर, आजीची बुगडी घालू नका. तिचा फिरकीचा जाड दांडा आणि मोत्यांचे वजन ताज्या छिद्राला सोसणार नाही. दुखणे वाढले, कान लाल होऊन गरम लागला, तर घरी हळद लावत बसू नका, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. मैदानी चाचणीच्या आधीच्या काही महिन्यांत हेही करू नये, कारण धावण्याच्या सरावातला घाम आणि धूळ ताज्या छिद्राला चांगली नसते. चाचण्या झाल्यावर आधी बुगडीचे छिद्र करा, ते पूर्ण बरे होऊ द्या, आणि गोंदणाचा विचार त्यानंतर करा. दोन्ही जखमा एकाच वेळी सांभाळायला घेऊ नका.